लोगोला लागलेली हळद

"ती फार बोलत नाही. तमिळ तर येतच नाही. बसू दे कोपऱ्यात चित्र काढत, आपल्याला त्रास नाही."

हे वाक्य माझ्याबद्दल होतं, तमिळमध्ये होतं आणि माझ्यापासून चार हातांवर बोललं गेलं होतं. बोलणारे आमच्या कलाकेंद्राचे प्रेसिडेंट मामा, ऐकणारे सेक्रेटरी काका. केंद्रातला माझा पहिलाच दिवस, मी दोघांच्या मधल्या खुर्चीत बसून फिल्टर कॉफीचा फेस बघत होते.

आता गोष्ट अशी, की मला तमिळ येतं. पुण्याला डिझाइन शिकत होते तेव्हा हॉस्टेलवर माझ्या खोलीत मदुरैची मुलगी होती. ती झोपेतसुद्धा आईशी भांडायची. दोन वर्षं तिच्या शेजारच्या कॉटवर काढल्यावर दगडालाही तमिळ आलं असतं. मग माझं लग्न तंजावरला ठरलं. सासर मराठी, पण कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे येऊन राहिलेलं. सासूबाईंना इथे सगळे म्हणतात तसं मीही अत्तै म्हणते. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "घरात मराठीच बोलूं गे, तू आलीस मणून आमचंही सुधारंल." त्यामुळे माझं तमिळ दोघांनाच ठाऊक होतं. एक श्रीधर, माझा नवरा, आणि दुसरी कोपऱ्यावरची भाजीवाली.

"कमिटीला सांगत का नाहीस?" श्रीधरने विचारलं होतं.

"कुणी विचारलं नाही."

बोलक्या माणसांचे किस्से रोजच्या रोज खर्च होतात. न बोलणाऱ्याकडे ते माळ्यावरच्या डब्यांसारखे साठत जातात, आणि एक दिवस जागाच उरत नाही. माझे तर पाच महिन्यांत साठले. तेव्हा मैत्रिणींनो, आज माळा साफ करायला काढलाय.

*

आधी केंद्राविषयी. किल्ल्याच्या आतल्या एका गल्लीत मोठा हॉल, पुढे खांबांची ओसरी, मागे ऑफिस. संध्याकाळी भरतनाट्यम, मृदंगम आणि वीणा यांचे क्लास. रविवारी सोन्याच्या वर्खाची तंजावर चित्रं. मधल्या वेळात साखरपुडे. कमिटी तंजावरी मराठी लोकांची, शिकणारी मुलं सगळ्या गल्लीची.

या केंद्राला 'ब्रँड' पाहिजे असं एके दिवशी ठरलं. कारण काय? समोर योगा क्लास उघडला. त्याला काचेचं दार होतं आणि लोगो होता. काचेच्या दाराला ओसरी फोडावी लागली असती, म्हणून लोगो.

आणि मला काय पडलं होतं? माझा कोर्स. लग्नाची तारीख लवकर निघाली आणि शेवटची इंटर्नशिप राहून गेली. आमच्या देशपांडे मॅडमनी फोनवर सांगितलं, "तिथेच एखादी संस्था बघ. पूर्ण ओळख तयार कर. लोगो, रंग, अक्षरं, सगळं. पण शेवटी संस्थेच्या माणसाने माझ्यासमोर सांगायला हवं की हे काम तुझं आहे. तेवढं झालं की तू पास." तेवढं झालं नाही, तर दोन वर्षांचं शिक्षण सासरच्या कपाटात घडी घालून ठेवायचं. लग्नातल्या शालूच्या शेजारी.

*

पहिली मीटिंग. मी विचारलं, "हे केंद्र म्हणजे नक्की काय, हे मला एका वाक्यात सांगाल?"

पाच महिन्यांत मी कमिटीला विचारलेला हा सगळ्यात लांब प्रश्न. उत्तर दोन तास चाललं.

वीणा टीचर म्हणाल्या, लोगोत वीणा असावी. मृदंगम सर म्हणाले, मग मृदंगमही. नृत्याच्या जयंती टीचर म्हणाल्या, घुंगरू बांधलेलं पाऊल. सेक्रेटरी काका बँकेतून रिटायर झालेले. त्यांनी तत्त्व मांडलं, "सगळ्या कला समान. सगळ्यांचा साइज समान."

"वीणा लांब असते," वीणा टीचर म्हणाल्या.

"मग आमचं काय?" मृदंगम सर.

"वीणा उभी करा," सेक्रेटरी काका म्हणाले. "कमी जागा खाईल."

वीणा टीचरांचा चेहरा असा झाला, जणू कुणी त्यांच्या आईला बसमध्ये उभं केलं. तेवढ्यात प्रेसिडेंट मामांनी जयंती टीचरांच्या पावलाच्या सूचनेवर बोट ठेवलं. "पाऊल वर आणि वीणा खाली? सरस्वतीच्या डोक्यावर पाय?"

शेवटी ठरलं की मध्ये घोड्यावर बसलेला राजा असावा आणि चारी बाजूंनी बाकीचे. राजा का, असं कुणी विचारलं नाही. इथे कुठल्याही वादात राजा मध्ये आणला की वाद थांबतो.

मी हे सगळं एका कागदावर काढून बघितलं. राजा वीणेवर स्वार झालेला आणि मृदंगम मागे पळत येतोय, असं दिसत होतं.

*

मग रंग.

मी लाल आणि काळा दाखवला. प्रेसिडेंट मामा सरकारी नोकरीत वर चढत चढत रिटायर झालेले, खुर्चीत एकदम ताठ झाले. "हा पक्ष आहे."

मी हिरवा दाखवला. "हा दुसरा पक्ष."

निळा? "त्यांचाही पक्ष आहे." पिवळा आणि लाल? "तो नवा आहे, पण आहे." केशरी दाखवल्यावर मृदंगम सरांनी उठून दार लोटलं.

तमिळनाडूत डिझाइन करायला येणाऱ्या प्रत्येकाने हे आधी समजून घ्यावं. इथे रंग शिल्लक नाहीत. भिंतीवर ब्रश टेकवला की कुणीतरी निवडणुकीला उभं राहतं.

सेक्रेटरी काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि अगदी मनापासून विचारलं, "पांढऱ्यावर पांढरा चालंल काय?"

शेवटी जयंती टीचरांच्या साडीकडे बोट दाखवून मी पहिल्यांदा स्वतःहून बोलले. "हा." गडद डाळिंबी. रेशमी साडीचा रंग कुठल्याही पक्षाने अजून घेतलेला नव्हता. बायकांनी आधीच घेऊन ठेवला होता.

*

तंजावरची बाहुली तुम्ही पाहिली असेल. मातीची, बुडाला गोल आणि जड, वर डुलणारं डोकं. कितीही ढकला, परत उभी राहते. आमच्या घरात शोकेसमध्ये एक आहे. सासरचे पहिले काही आठवडे मी तिच्याकडे फार वेळ बघत बसत असे. का, ते नव्या सुनांना सांगायला नको.

त्यातूनच मला सुचलं. बाहुलीचं गोल बूड म्हणजे एक जाड डाळिंबी कंस आणि त्याच्या वर जरासा कललेला एक ठिपका. बस. ना राजा, ना घोडा. छोट्या कार्डावर ओळखू येईल आणि भिंतीवरही.

मी ते कमिटीसमोर ठेवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. डावीकडे, उजवीकडे, गोल. मी घरी येऊन आनंदाने मॅडमना कळवलं, पसंत पडलं.

पुढच्या आठवड्यात सेक्रेटरी काका म्हणाले, "दुसरी चित्रं कुठं हायत?"

"हे पसंत केलंत ना? सगळ्यांनी माना हलवल्या."

"ते ऐकतों मणून हलवलं गे. पसंत कोण सांगटलं?"

घरी अत्तैंना विचारलं. त्या भाजी चिरता चिरता म्हणाल्या, "इथं मान हलली तर ऐकतात. मान थांबली तर विचार करतात. खुर्ची मागं सरकली तर नको." आणि पसंत असेल तर? अत्तैंनी जरा आठवून बघितलं. "तसं कधी झालं नाही."

*

आता ई-मेलचा किस्सा. कमिटी म्हणाली, चित्र सगळ्यांना पाठवून दे, निवांत बघू. मी सोमवारी सकाळी आठला पाठवून दिलं आणि डोशाचं पीठ वाटायला गेले.

दिवसभर उत्तर नाही. संध्याकाळी केंद्रात गेले तर सेक्रेटरी काका गंभीर. "सोमवारी साडेसात ते नऊ राहुकाळ असतो, ठाऊक नाही काय?"

"पण मी फक्त मेल पाठवली."

"आली ना पण राहुकाळात. मी उघडलों नाही. कोणीच उघडलं नाही. मी सगळ्यांना फोन करून सांगटलों, उघडूं नका."

म्हणजे पाच जणांचे पाच इनबॉक्स दिवसभर माझ्या मेलला सुतक पाळल्यासारखे बाजूला ठेवून बसले होते. मला ती परत पाठवायला सांगण्यात आलं. मंगळवारी, दुपारी तीन ते साडेचार सोडून. मी मंगळवारी सकाळी दहाला पाठवली. तीच फाइल, तोच कंस, तोच ठिपका. एक केससुद्धा हलवला नव्हता.

काकांनी फोनवर उघडून लांब धरलं, जवळ धरलं. म्हणाले, "बघ. आता किती बरं दिसतंय."

*

मंजुरीचा प्रसंग मात्र मला आयुष्यभर पुरेल. मी लोगो भिंतीला लावला आणि बाजूला झाले. समजावून सांगणार होते, बाहुली वगैरे. तोंड उघडायच्या आत प्रेसिडेंट मामा म्हणाले, "अर्धी इडली आहे काय?"

"इडली नाही," मृदंगम सर पुढे झाले. "हा मृदंगम आहे. आडवा ठेवलेला. वर हात येतोय." ते बराच वेळ बघत राहिले. "चांगला दाखवलाय."

"काहीतरीच. वीणेचा घट आहे हा," वीणा टीचर म्हणाल्या. "आणि आडवा आहे."

जयंती टीचरांनी गुडघे बाहेर वळवून, अर्ध्या बसून, नृत्यातला उभा राहायचा मूळ ढंग करून दाखवला. खाली कंस, वर डोकं. प्रेसिडेंट मामांनी चष्मा चढवला आणि हळूच म्हणाले, "घोड्याचं खोगीर आहे. राजा उतरलाय."

प्रत्येकाला आपलं दिसलं. प्रत्येकाला वाटलं, मी गुपचूप त्याचंच केलंय आणि बाकीच्यांना फसवलंय. प्रत्येकाने मला एकेक छोटं, गुप्त, कौतुकाचं हसू दिलं. बाहुलीविषयी मी कुणालाच सांगितलं नाही. इंटर्नशिपमधला माझा सर्वोत्तम निर्णय.

*

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग चेन्नैहून अरविंद आला.

अरविंद म्हणजे प्रेसिडेंट मामांचा भाचा. कार्डावर 'ब्रँड कन्सल्टंट' लिहिलेलं. पायात उघडे बूट, हातात बंद लॅपटॉप. तो लॅपटॉप त्याने दोन दिवसांत एकदाही उघडला नाही. माझा उघडला. लोगो बघितला, खुर्चीत मागे रेलला आणि इंग्रजीत म्हणाला, "छान आहे. पण याची स्टोरी काय?"

मी सांगायला तोंड उघडलं. तो म्हणाला, "थांब, मला फील करू दे." मग डोळे मिटून बसला. प्रेसिडेंट मामांनी पंखा वाढवला.

डोळे उघडून त्याने तमिळमध्ये मामांना विचारलं, "ही मुलगी कोण?"

"श्रीधरची बायको."

"नाव?"

मामांनी सेक्रेटरी काकांकडे बघितलं. काकांनी छताकडे. "श्रीधरची बायकोच," मामा म्हणाले. "कम्प्युटर करते."

"हात बरा आहे," अरविंद म्हणाला. "डोकं आपण देऊ."

त्याला पानावर जेवण वाढलं, रसम दोनदा, पायसम तीनदा. जाताना म्हणाला, "याला अजून थोडं रॉ करा." काय करायचं, ते सांगितलं नाही. त्या वेळी मला वाटलं, त्यालाही ठाऊक नाही. मी चुकले. ते करणारा माणूस आमच्याकडेच होता.

*

शुक्रवारी चांगली वेळ बघून लोगोची पहिली प्रत निघाली. जाड पांढऱ्या कागदावर, माझ्या डाळिंबी रंगात. खरं सांगते, ती हातात घेतल्यावर मला गलबलून आलं. लग्नानंतर तंजावरमध्ये मी केलेली पहिली गोष्ट, जी स्वयंपाकघरात झाली नव्हती.

कागद ऑफिसातल्या गणपतीसमोर ठेवला. सेक्रेटरी काकांनी पितळी वाटीत हळद कालवून आणली. इथे लग्नपत्रिका असो, जमिनीचे कागद असोत की मुलाची पहिली वही, कोऱ्या कागदाच्या चार कोपऱ्यांना हळद लावल्याशिवाय तो शुभ होत नाही. मला ते आवडतंही. काकांनी उजव्या अंगठ्याने एक कोपरा, दुसरा, तिसरा असं लावलं. चौथ्याला येईपर्यंत अंगठ्यावर हळद फार झाली होती, म्हणून त्यांनी तो तिथे चांगला दाबून पुसला. रेघ न् रेघ उमटली. बँकेत आयुष्यभर दुसऱ्यांचे अंगठे घेतलेल्या माणसाने रिटायर झाल्यावर पहिल्यांदाच स्वतःचा दिला.

आरती झाली, गूळखोबरं झालं. मी पेन ड्राइव्ह काकांच्या हातात दिला. "यात फाइल आहे. हीच प्रेसला द्या."

आठवड्याने बॅनर आला. हॉलच्या भिंतीएवढा. तो उलगडला आणि मी दोन पावलं मागे गेले.

मध्ये माझा कंस आणि ठिपका. चार कोपऱ्यांत फणसाएवढे चार पिवळे डाग. आणि चौथ्या डागात, दारातल्या रांगोळीएवढा मोठा, काकांचा अंगठा.

मी काकांकडे बघितलं. काका बॅनरकडे बघत होते, समाधानाने.

"काका, पेन ड्राइव्ह?"

"तो खिशातच हाय."

"मग प्रेसला काय दिलंत?"

"कागद दिलों. त्याला सांगटलों, असाच्या असा स्कॅन कर." आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी अगदी प्रेमाने समजावलं, "पेन ड्राइव्ह पूजेत नव्हता गे."

*

कार्डं तशीच. पत्रव्यवहाराचे कागद तसेच. ओसरीवरचा बोर्डही तसाच, तिथे अंगठा दिव्याखाली येतो, रात्रीही दिसतो.

मी ऑफिसातच लॅपटॉपवर प्रेसचा स्कॅन उघडला. डाग घालवणं दोन मिनिटांचं काम. चौथ्या कोपऱ्यावर नेमका बाण नेला, तेव्हा मागून सेक्रेटरी काकांचा आवाज आला.

"काय करतीस?"

"डाग पुसते."

"डाग?" काका खरंच हादरले. "ती हळद हाय. नवी नवरी तू, आणि हळद पुसतीस?"

जयंती टीचरांनी नकळत स्वतःचं मंगळसूत्र धरलं. वीणा टीचरांनी ताबडतोब श्रीधरची तब्येत विचारली. मी लॅपटॉप मिटला. जगातल्या कुठल्याही डिझाइन कॉलेजात याचं उत्तर शिकवत नाहीत.

एक गंमत मात्र राहिली. केंद्राने कापडी पिशव्याही छापल्या होत्या. इथे लग्नात नारळ घालून देतात तशा, हळदी रंगाच्या. पिवळ्यावर पिवळं दिसेना. अख्ख्या तंजावरमध्ये माझा लोगो मी केला तसा आज फक्त त्या पिशव्यांवर आहे. त्यातली एक घेऊन मी भाजी आणायला जाते.

*

अरविंदला बॅनरचा फोटो गेला. अर्ध्या तासात फोन, स्पीकरवर.

"मामा, हे कोपरे कुणी केले? हे काय भन्नाट आहे! हाताचा स्पर्श! मी म्हणत होतो ना, रॉ करा? हेच ते!"

प्रेसिडेंट मामांनी बॅनरकडे बघितलं. मग फोनकडे. "तूच सांगितलंस, म्हणून केलं," ते म्हणाले.

माणूस खोटं कसं बोलायला लागतो हे मी त्या दिवशी अगदी जवळून पाहिलं. आधी सौजन्य म्हणून बोलतो. मग दुसऱ्याला सांगताना तेच बोलतो. तिसऱ्या वेळी त्याला आठवायला लागतं. आठवडाभरात चार कोपऱ्यांना अर्थही फुटले. मृदंगम सर म्हणत, चार कला. वीणा टीचर म्हणत, चार वेद. जयंती टीचर म्हणाल्या, कावेरीचे चार फाटे. श्रीधरने मोजून सांगितलं की ते चार नाहीत, तर त्या म्हणाल्या, "मुख्य चार."

सेक्रेटरी काकांना मी एकदा म्हटलं, "काका, तो तुमचा अंगठा आहे." त्यांनी बोर्डाखाली उभं राहून अंगठा वर धरला, डोळे बारीक करून दोन्हींकडे आळीपाळीने बघितलं आणि म्हणाले, "तसा सगळ्यांचाच सारखा असतो."

बँकवाला माणूस. हे म्हणाला.

*

आणि आता शेवटचा डबा.

उद्घाटनाच्या दिवशी हॉल भरलेला. मुली रेशमी पावाड्यांत, म्हणजे इथल्या परकरांत, मुलं पुढे सतरंजीवर, अत्तै आणि श्रीधर तिसऱ्या रांगेत. पुण्याहून देशपांडे मॅडम लॅपटॉपच्या पडद्यावर. तो लॅपटॉप स्टेजवर एका स्टुलावर ठेवला होता. स्टुलालाही हळद लावली होती.

आदल्या दिवशी मी प्रेसिडेंट मामांना घरी जाऊन मराठीत सांगितलं होतं. "मामा, उद्या मॅडमना एवढंच सांगा की काम मी केलंय. माझा कोर्स त्यावर आहे." मामांनी मान डोलावली होती. मान डोलावण्याचा अर्थ मला आता माहीत होता, म्हणून रात्री झोप लागली नाही.

मॅडम पडद्यावरून म्हणाल्या, "लोगो फार आवडला. साधा आहे. पण हे पिवळे कोपरे आणि तो ठसा, ही कल्पना कुणाची?"

मामांनी माइक घेतला. आमचं तंजावरी मराठी ऐकून मॅडम खूश झाल्या होत्या, त्यामुळे मामा खुलले होते. "आमचा अरविंद. चेन्नैहून येऊन सांगटला. कल्पना त्याची. ही मुलगी कम्प्युटर केली."

पहिल्या रांगेतून अरविंद उठला आणि लोकांना नमस्कार केला. एकदा नाही, तिन्ही बाजूंना.

मॅडमच्या कपाळावर आठी आली. "आणि मधलं चित्र? तेही त्यांचंच का?"

मामांनी माइक खाली धरला आणि सेक्रेटरी काकांकडे वळले. पुढचं तमिळमध्ये, माझ्यापासून पुन्हा चार हातांवर.

"काय सांगू?"

"सगळं अरविंदचंच म्हणून टाका," काका म्हणाले. "एका कामाला एक नाव बरं दिसतं. पण ही पोरगी?"

"तिचं काय? ती कुठे बोलते."

तिसऱ्या रांगेत श्रीधर अर्धा उठला होता. मी त्याच्याकडे बघितलं, तो बसला.

"मृण्मयी," पडद्यावरून मॅडम म्हणाल्या. त्या हॉलमध्ये माझं नाव पहिल्यांदाच कुणी घेत होतं. मामांनी आजूबाजूला बघितलं, मृण्मयी कोण म्हणून. "मृण्मयी, तू काहीच बोलली नाहीस."

मी मामांच्या हातातून माइक घेतला. त्यांनी दिला नव्हता, पण सोडला. मॅडमना मराठीत सांगितलं, "कोपऱ्यांतली हळद सेक्रेटरी काकांच्या उजव्या अंगठ्याची आहे. काका इथेच आहेत, बॅनर मागे आहे, कुणीही ताडून बघावं. मधलं चित्र माझं आहे."

मग मामांकडे वळले आणि तमिळमध्ये म्हणाले, "मामा, पहिल्या दिवशी कॉफी पिताना तुम्ही काकांना बरोबरच सांगितलं होतं. मी फार बोलत नाही."